लिनक्स-सीएनसीसाठी पैसे देऊन मदत घेताना
लिनक्स-सीएनसी हे यंत्रनियंत्रणाचे सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मोफत मिळते. मात्र त्या परवान्यात हमी नसल्याने, हिंगणघाट किंवा पुसदकडच्या वर्कशॉपमधला राउटर (लाकूड वगैरे कोरणारे यंत्र) अडला की जाणकाराला पैसे मोजावे लागू शकतात. त्याला फोन करण्यापूर्वी आयएनआय (यंत्राच्या सेटिंग्ज) आणि हॅल (यंत्राच्या सिग्नलांच्या जोडण्या) या दोन्ही फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, संगणकावर व्हिडिओ चालू ठेवून ‘लेटन्सी टेस्ट’ (संगणक वेळेवर प्रतिसाद देतो का, याची चाचणी) करावी, नॅनोसेकंदांत दिसणारा कमाल जिटर, म्हणजे वेळेतला चढउतार, टिपावा आणि पडद्यावरचा एरर जसाच्या तसा उतरवावा. मल्टिमीटरने विजेचा दाबही पाहावा. खरा दोषी तोही असू शकतो. दूरस्थ दुरुस्तीचा तासाचा दर आणि प्रत्यक्ष भेटीचा खर्च वेगवेगळा लिहून घ्यावा. बदललेल्या फायली आपल्याला मिळतील, ही अट सोडू नये. दुरून चाचणी चालू असताना इमर्जन्सी स्टॉपजवळ माणूस उभा ठेवावा.