बॅरिएट्रिक ऑपरेशन करताय? मराठवाड्यातल्यांनी या चुका टाळा

माझं वजनाचं ऑपरेशन झाल्याचं कळलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात: पैसे किती लागले आणि किलो किती उतरले. परत दाखवायला कुठे जाता, हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे खरा घोळ तिथंच आहे. ऑपरेशन आपण पुण्याला, हैदराबादला नाहीतर संभाजीनगरला करून घेतो, चालायला लागलो की गाडीत बसून लातूर, उदगीर, वसमतला परत येतो. मग उलट्या झाल्या किंवा गुडघा ठणकला की गल्लीतला दवाखाना. आपल्या पोटात काय काय बदललंय हे त्या डॉक्टरांना कोणी सांगितलेलंच नसतं. पुढच्या बऱ्याच चुका या अंतरातून होतात.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात. मी लातूरला शिक्षिका. उंची पाच फूट दोन इंच, वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४२ च्या आसपास. शुगर, गुडघे आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं घोरणं. जठराचा बायपास करून घेतला त्याला आता काही वर्षं झाली.

ठरवताना

'नणंदेनं स्लीव्ह केली, मला पण तीच करायची' असं म्हणून दवाखान्यात जाऊ नका. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि एक निमुळती नळी उरते. भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक फारशी लागत नाही. कापलेलं जठर पुन्हा जोडता येत नाही. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी वेगळी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. ज्यांना आधीपासून जळजळ, आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे, त्यांचा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. मला शुगर होती आणि रात्री उशी उंच घेतल्याशिवाय झोप येत नव्हती, म्हणून एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून केलेली जठराची तपासणी) बघून डॉक्टरांनी बायपास सुचवला. नणंदेच्या पोटाचा रिपोर्ट तुमच्या पोटाला लागू होत नाही.

आता तंबाखूचं. 'काही व्यसन?' असं विचारलं की आपल्याकडच्या बायका मान हलवून 'नाही' म्हणतात आणि पिशवीत मिश्रीची डबी असते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. बायपासनंतर नव्या जोडावर अल्सर होण्याचं तंबाखू हे एक मोठं कारण आहे. सासूसमोर सांगायची लाज वाटत असेल तर डॉक्टरांना एकटीनं भेटा, पण सांगा. पुरुषांनी गुटखा आणि दारू दोन्ही सांगा. बायपासनंतर दारू पटकन चढते, आणि नंतर तिचं व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो.

विम्याच्या बाबतीत लोक एजंटच्या तोंडी शब्दावर राहतात. पॉलिसीतलं लठ्ठपणाचं कलम स्वतः वाचा. प्रमाणित कलमात वय १८ च्या पुढे आणि बीएमआय ४० किंवा जास्त अशी अट आहे. बीएमआय ३५ च्या पुढे असेल तर सोबत आटोक्यात न येणारी शुगर, हृदयविकार किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) यांसारखा आजार लागतो, आणि आधी केलेले इतर उपाय फसलेले असावे लागतात. डॉक्टरांचे निकष आता याहून सैल आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी बीएमआयची मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली. त्यामुळे 'डॉक्टर हो म्हणाले' याचा अर्थ 'विमा कंपनी हो म्हणेल' असा होत नाही. जुने आहाराचे कागद, शुगरचे रिपोर्ट, झोपेची तपासणी, सगळं फाईलला लावून ठेवा.

पॅकेजचा आकडा विचारताना हेही विचारा: ऑपरेशननंतर आहारतज्ज्ञ फोनवर मिळतात का, रात्री दोनला त्रास झाला तर फोन कोण उचलतं, आणि लातूरसारख्या गावात त्यांच्या ओळखीचे सर्जन कोण आहेत. स्वस्तातल्या पॅकेजमध्ये नेमकं हेच गळालेलं असतं.

ऑपरेशनआधीच्या दोन आठवड्यांतली चूक तर सगळं घर मिळून करतं. 'आता पुढं खाता येणार नाही, खाऊन घे' म्हणून एका घरून पुरणपोळी येते, दुसऱ्या घरून मटण. हे दोन आठवडे कमी कॅलरीचा, प्रथिनांवर भर असलेला आहार देतात तो चरबीनं फुगलेलं यकृत आक्रसावं म्हणून. दुर्बिणीतून जठर दिसायला सर्जनला ते यकृत बाजूला उचलावं लागतं. मोठं यकृत म्हणजे अडचणीची जागा. निरोपाचं जेवण मुळीच करू नका.

घरी आल्यावर पहिला महिना

आधी नितळ पातळ, मग दूध-ताकासारखं पातळ, मग मऊ गुरगुट्या, मग साधं, हा क्रम साधारण सहा ते आठ आठवड्यांचा असतो. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला तक्ता हाच शेवटचा शब्द. घरात मात्र वेगळंच चालतं. भूक नसते, वजन झपाट्यानं उतरतं, चेहरा उतरतो, आणि आपल्या माणसांना ते बघवत नाही. माझ्या जाऊबाई पहिल्या महिन्यातच येसराच्या आमटीत भाकरी कुस्करून घेऊन आल्या. 'दोनच घास खा गं, अंगात त्राण राहीना तुझ्या.' नको म्हटलं तर ताट तिथंच ठेवून बसल्या. शेवटी आहारतज्ज्ञांना फोन लावून स्पीकरवर ठेवला, तेव्हा ताट उचललं. हा उपाय मी आता सगळ्यांना सांगते: घरच्यांची समजूत स्वतः काढत बसू नका, तज्ज्ञांकडून काढून घ्या. शक्य असेल तर स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आधीच्या भेटीतच सोबत न्या.

वरणाच्या पाण्याला प्रथिनं समजणं ही दुसरी चूक. रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, पाव लिटर दुधात आठ. वरच्या नितळ पाण्यात जवळपास काही नाही. मऊ खाण्याची परवानगी मिळाली की घट्ट वरण, दही, पनीर, अंडी हे आधी, भात-भाकरी नंतर आणि उरलेल्या जागेत. सोयाबीन आपल्या लातूरच्या आडतीत पोत्यांनी येतं आणि घरात कोणी खात नाही! सोयाचे वडे मऊ शिजवून, मिक्सरमधून काढून आमटीत घातले तर चव बिघडत नाही आणि हिशोब जमतो.

जेवताना पाणी नको. आधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास अंतर. घास चहाच्या चमच्यानं घ्या आणि तोंडातच त्याचा लगदा होऊ द्या. घाईनं गिळलेली पोळी किंवा गोळा झालेला भात छातीत अडकतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि उलटी होईपर्यंत सुचत नाही. ज्वारीची भाकरी मला पोळीपेक्षा लवकर सोसली, पण ताकात भिजवून. प्रत्येकाचं वेगळं असतं.

आणि शुगरच्या गोळ्या. ऑपरेशननंतर काही दिवसांतच शुगर खाली येऊ लागते. जुन्या चिठ्ठीवरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन तसंच चालू ठेवलं तर शुगर एकदम उतरून चक्कर येते. बीपीच्या गोळ्यांचंही तेच. सुट्टी होताना नवी चिठ्ठी लिहून घ्या, जुनी कपाटात टाका, आणि घरी रोज मोजा.

पहिल्या काही आठवड्यांत ताप, बसल्या जागी नाडी १२० च्या पुढे, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणं किंवा धाप, यातलं काहीही झालं तर ओवा-सोडा घेत बसू नका. जोडातून गळती होत असू शकते किंवा रक्ताची गाठ झालेली असू शकते. जिथं सीटी स्कॅन आणि सर्जन दोन्ही आहेत तिथं थेट जा, आणि निघतानाच आपल्या डॉक्टरांना फोन लावा.

सलाईन आणि सुई

अंगात कसकस आली की 'एक सलाईन लावा, एक सुई द्या' ही आपल्याकडची रीत. बॅरिएट्रिक पेशंटसाठी याच रीतीत दोन धोके आहेत.

पहिला सलाईनचा. सारख्या उलट्या होऊन खाणं बंद पडलं की शरीरातला बी-१, म्हणजे थायमिन, काही आठवड्यांतच संपत येतो. अशा वेळी नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलासुरला थायमिनही खर्च होतो आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो: डोळे नीट न फिरणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज. दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून घालवू नका.

दुसरा दुखण्याच्या सुईचा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची औषधं बायपासच्या जोडावर अल्सर करू शकतात. अंगदुखीच्या कित्येक रंगीत गोळ्यांत हीच असतात, आणि मेडिकलवाला ती न विचारता देतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल घ्या, त्यानं भागलं नाही तर सर्जनला विचारा.

माझ्या पर्समध्ये लॅमिनेट केलेला एक कागद असतो. त्यावर ऑपरेशनचा प्रकार आणि तारीख, सर्जनचा नंबर, 'डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये', 'ग्लुकोजआधी थायमिन द्यावं', 'सर्जनला विचारल्याशिवाय नाकातून नळी घालू नये'. गावातल्या डॉक्टरांना हा कागद दाखवण्यात संकोच वाटू देऊ नका. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तर त्याचा फोटो काढून ठेवला.

उपवास, पंगत आणि ऊन

नवरात्रात तुळजापूरच्या आईचे नऊ दिवस कडक धरणारी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, भगरही भातासारखीच. नऊ दिवस त्यावर काढले तर प्रथिनं तळाला जातात. पहिल्या वर्षी उपवास नकोच. पुढे धरायचाच असेल तर दूध, दही, पनीर, राजगिरा आणि थोडे शेंगदाणे यांवर धरा, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या एक दिवसही बंद करू नका. औषधानं उपवास मोडतो असं मला अजून कोणत्याच पुजाऱ्यानं सांगितलेलं नाही.

पंगतीतला आग्रह अवघड. 'एक तरी जिलबी' म्हणून ताटात पडते. बायपासवाल्यानं ती खाल्ली तर अर्ध्या तासाच्या आत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात पिळतं आणि आडवं व्हावंसं वाटतं. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी शुगर उतरून थरथर सुटते. ऑपरेशन लपवून ठेवणाऱ्यांना पंगतीत नकार द्यायला कारणच उरत नाही. नितीन गडकरी २०११ मधलं आपलं ऑपरेशन लपवत नाहीत, तर आपण कोणापासून लपवायचं? मी थेट सांगते, 'पोटाचं ऑपरेशन झालंय, गोड चालत नाही.' वाढपी पुढे सरकतो. चर्चा होते, होऊ द्या.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की घरात शिरल्या शिरल्या तांब्या तोंडाला लावायची सवय असते. आता ते जमत नाही. तहान लागायच्या आधीपासून दिवसभर घोट-घोट, दीड ते दोन लिटर. शाळेत माझ्या टेबलावर बाटली कायम असते. लघवी गडद पिवळी दिसली की समजायचं, कमी पडतंय.

वर्ष उलटल्यावर

वजन उतरलं, शुगर आवरली, कपडे दोनदा आटवून झाले. आता कशाला जायचं पुण्याला? इथंच बहुतेकांचा धागा तुटतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, तेव्हा लोक घाबरून फोन करतात. ते केस बहुतेक वेळा परत येतात. बी-१२ मात्र गुपचूप संपतो. त्यात शाकाहारी माणूस असेल तर तो आधीच काठावर असतो. पायाला मुंग्या, विसरभोळेपणा, दम लागणं हे वयावर ढकललं जातं. वर्षातून एकदा तरी हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासा. रक्त लातूरला द्या, रिपोर्ट फोनवर पाठवा, भेट व्हिडिओवर मागून घ्या; प्रत्येक वेळी गाडी काढायची गरज नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहासोबत तर नकोच.

लग्न झालेल्या तरुण मुलींना एक सांगणं: वजन उतरताना पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण साधारण बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. बायपासनंतर तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, दुसरी सोय विचारून घ्या. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर पित्ताशयात खडे झालेत का हे सोनोग्राफीत बघा. वजन झपाट्यानं उतरताना ते होतात.

दोन वर्षांनंतर थोडं वजन परत चढणं नेहमीचं आहे. बरंच चढलं तर 'ऑपरेशन फेल गेलं' म्हणत दुसऱ्या ऑपरेशनची चौकशी सुरू करू नका. आधी आठवडाभर खाल्लेलं-प्यायलेलं सगळं वहीत लिहा आणि ती वही आहारतज्ज्ञांना दाखवा. पोटात मावत नाही ते चहा, सरबत, फरसाण, बिस्किटं या वाटेनं अलगद आत जातं. माझ्या ओळखीच्या एकांनी अशी वही भरली, तेव्हा त्यांच्या दुकानावर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकासोबतचा गोड चहा पहिल्यांदा कागदावर आला. चहा बिनसाखरेचा केला आणि सोबतचं खारं बंद केलं, तेवढ्यावर त्यांचं चढतं वजन थांबलं. एवढं करूनही काटा चढतच राहिला, तर एंडोस्कोपी, औषधं आणि गरज पडलीच तर दुसरं ऑपरेशन, या क्रमानं आपल्या सर्जनशी बोला.