जुन्या लॅपटॉपवर ओपनबॉक्स लावताना

2 जीबी रॅमच्या डेबियन लिनक्स मशीनवर ग्नोम हा डेस्कटॉप रखडत असेल तर ते काढू नका. शेजारी ओपनबॉक्स हा हलका विंडो मॅनेजर बसवा आणि लॉगिनच्या पडद्यावरचं गिअरचं चिन्ह दाबून सेशन बदला. जमलं नाही तर परतीची वाट मोकळी राहते.

पहिल्यांदा दिसेल नुसता रिकामा पडदा. घाबरू नका, राइट क्लिकवर मेन्यू येतो. ओपनबॉक्स फक्त खिडक्या सांभाळतो. पॅनल, वायफायचा आयकॉन, आवाजाची पट्टी हे सगळं आपण जोडायचं. त्यासाठी टिंट२ (पॅनल), एनएम-अ‍ॅप्लेट (वायफायचा आयकॉन) आणि एलएक्सपोलकिट (पासवर्ड विचारणारा प्रोग्राम) ही नावं होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिग, त्यात ओपनबॉक्स, त्यातल्या ऑटोस्टार्ट फाइलमध्ये एकेका ओळीत लिहा. प्रत्येक ओळीच्या शेवटी & हे चिन्ह हवंच. ते राहिलं की तो प्रोग्राम बंद होईपर्यंत पुढची ओळ चालतच नाही, आणि आपण वायफाय का दिसत नाही म्हणून डोकं खाजवत बसतो. एलएक्सपोलकिट विसरलात तर जीपार्टेडसारखे (डिस्कचे भाग पाडणारे) प्रोग्राम पासवर्डच विचारत नाहीत, उघडतही नाहीत. मराठी कीबोर्डसाठी सेटएक्सकेबीमॅप या कीबोर्ड बदलणाऱ्या कमांडची ओळही इथेच.

एवढी उस्तवार नको असेल तर आइसडब्ल्यूएम हा दुसरा विंडो मॅनेजर घ्या, त्याला टास्कबार मुळातच असतो. ब्राउझरच्या वीस टॅबपुढे मात्र दोघांचंही काही चालत नाही.