फुटणे, उडणे, फुगणे, भडकणे: इंग्रजीतलं 'ब्लो अप' नेमकं कुठे वापरायचं

सिलिंडर फुटतो, पूल उडवतात, फुगा फुगवतात, साहेब भडकतात, फोटो मोठा करून घेतात, व्हिडिओ व्हायरल होतो. मराठीत या सगळ्याला वेगवेगळी क्रियापदं आहेत. इंग्रजीत या सहाही ठिकाणी 'ब्लो अप' चालतं. त्यामुळे 'स्फोट होणे' हा एकच अर्थ पाठ केलेला माणूस बातमी वाचताना सहसा अडत नाही, पण वाढदिवसाच्या तयारीच्या मेसेजवर अडतो.

अर्थ लावताना आधी कर्म शोधा. कर्म नसेल आणि कर्ता एखादी वस्तू असेल, तर बहुतेक वेळा स्फोटच झालेला असतो: 'द फॅक्टरी ब्ल्यू अप'. कर्म असेल तर ते काय आहे ते पाहा. पूल, गाडी, इमारत असेल तर उडवून दिली. फुगा, हवेची गादी, पोहण्याची रिंग असेल तर हवा भरली. फोटो किंवा नकाशा असेल तर मोठा केला. कर्ता माणूस आणि पुढे 'ॲट' असेल तर तो कुणावर तरी भडकला. खरी संदिग्धता एकाच ठिकाणी राहते, टायरपाशी. 'ही ब्ल्यू अप द टायर' म्हणजे हवा भरली, हा सरळ अर्थ. पण गोष्ट घातपाताची असेल तर उलटाही निघेल. तिथे 'पम्प्ड अप' लिहिलं की प्रश्नच मिटतो.

रूपं तीन: ब्लो, ब्ल्यू, ब्लोन. दुसऱ्याचा उच्चार निळ्या रंगासारखाच, पण स्पेलिंगच्या शेवटी ई आणि डब्ल्यू. 'ब्लोड' असं रूप प्रमाण इंग्रजीत नाही. कर्म मध्ये किंवा शेवटी, कुठेही बसतं: 'ब्लो अप द ब्रिज' किंवा 'ब्लो द ब्रिज अप'. सर्वनाम मात्र मध्येच हवं: 'ब्लो इट अप'. 'ब्लो अप इट' चूक आहे आणि ती लगेच कानाला खटकते.

आता स्फोटाकडे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण मराठीत आपण बॉम्बही उडवतो आणि पूलही उडवतो. इंग्रजीत स्फोटकाला एक क्रियापद लागतं आणि स्फोटाने नष्ट झालेल्या वस्तूला दुसरं. 'डेटोनेट' फक्त स्फोटकाचं होतं: बॉम्ब, सुरुंग, डायनामाइट. पूल 'डेटोनेट' करता येत नाही. तो 'ब्लो अप' करतात. 'एक्स्प्लोड' दोन्हीकडे जातं, पण अटीवर: 'द बॉम्ब एक्स्प्लोडेड' बरोबर, 'द कार एक्स्प्लोडेड' बरोबर, मात्र 'दे एक्स्प्लोडेड द ब्रिज' नाही. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी गाय फॉक्स लंडनच्या पार्लमेंटखाली बारुदाच्या ३६ पिंपांसह पकडला गेला. त्या कटाबद्दल इंग्रज 'ट्राइड टु ब्लो अप पार्लमेंट' असंच म्हणतात.

यात हेतूची छटाही आहे. 'ब्लो अप' ऐकलं की घातपात, युद्ध किंवा अपघात डोळ्यांसमोर येतो. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकं लावून पाडला, तो ठरवून, रस्ता बंद ठेवून. अशा कामाला 'डिमॉलिश्ड विथ एक्स्प्लोझिव्ह्ज' किंवा 'ब्रॉट डाउन' जास्त शोभतं. गप्पांत 'ब्ल्यू अप' म्हटलं तर कुणी अडवणार नाही, अहवालात लिहू नये.

'गो ऑफ' हा सगळ्यात फसवा पर्याय. बॉम्ब, फटाका, बंदूक यांच्यासाठी त्याचा अर्थ फुटणे किंवा उडणे. ते कर्म घेत नाही, म्हणून 'ही वेंट ऑफ द बॉम्ब' होत नाही. कर्म हवं असेल तर 'सेट ऑफ' वापरा. पण 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजला, आणि 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले. ब्रिटनमध्ये 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणजे दूध नासलं. 'ऑफ' दिसलं की 'बंद' हा आपला हिशेब गजराच्या बाबतीत बरोबर उलटा पडतो.

'ब्लास्ट' हा शब्द मराठीत इतका मुरलाय की 'सिलिंडर ब्लास्ट झाला' आपण सहज बोलतो. त्यावरून 'द सिलिंडर गॉट ब्लास्टेड' तयार होतं आणि तिथे गडबड होते. इंग्रजीत 'ब्लास्ट' हे नाम म्हणून ठीक आहे. क्रियापद म्हणून ते खाणीत सुरुंग लावून खडक फोडण्याला किंवा एखाद्यावर सडकून टीका करण्याला लागतं. सिलिंडर, कुकर, बॉयलर यांच्यासाठी 'एक्स्प्लोडेड' किंवा 'ब्ल्यू अप' लिहा. विम्याच्या दाव्यात तर 'एक्स्प्लोडेड'च.

आतल्या दाबाने कातडं, रबर किंवा पाइप फाटला तर 'बर्स्ट'. फुगा फुटला: 'बर्स्ट' किंवा 'पॉप्ड'. फुग्याला 'ब्ल्यू अप' म्हटलं तर उलट तो फुगवल्यासारखं होतं. धावत्या गाडीचा टायर फुटला तरी 'बर्स्ट'. त्या घटनेला 'ब्लोआउट' म्हणतात. 'बर्स्ट क्रॅकर्स' भारतात सगळ्यांना कळतं, पण दिवाळीची माहिती परदेशी वाचकाला देताना 'लेट ऑफ फायरवर्क्स' किंवा 'सेट ऑफ फायरवर्क्स' म्हणा. बल्ब किंवा फ्यूज उडाला तर नुसतं 'ब्ल्यू'. मागे 'अप' जोडलंत तर घर हादरलं असं वाटेल. ज्वालामुखीसाठी 'इरप्ट'.

मोबाइलची बॅटरी फुगली तर 'द बॅटरी ब्ल्यू अप' लिहू नका. सर्व्हिस सेंटरवाला स्फोट झाला असं समजेल. 'द बॅटरी इज स्वोलन' लिहा. आपलं फुगणे आणि फुगवणे रूपातच वेगळं आहे. 'ब्लो अप'मध्ये हा फरक फक्त कर्मावरून कळतो. तोंड किंवा घोटा सुजला तर बोलीत 'ब्ल्यू अप' चालतं, डॉक्टरला सांगताना 'स्वोलन'च बरं. विमानतळावर मानेची उशी फुगवायची असेल तर 'इन्फ्लेट' म्हणा. तिथे 'ब्लो अप' हे शब्द तोंडातून न निघालेलेच बरे.

रागाच्या अर्थात अव्यय सांभाळा. 'तो माझ्यावर भडकला' यातल्या 'वर'मुळे 'ऑन मी' तोंडात येतं. बरोबर आहे 'ही ब्ल्यू अप ॲट मी'. हा राग एकदम उसळून येणारा असतो. धुमसत राहिलेल्या रागाला हे क्रियापद लावत नाहीत. जवळचे पर्याय: 'लॉस्ट हिज टेम्पर' सर्वत्र चालेल असं, पत्रातही, 'हिट द रूफ', 'ब्ल्यू हिज टॉप' आणि 'फ्ल्यू ऑफ द हँडल' गप्पांतले. मराठीतून निवडायचं तर पहिल्याला 'संयम सुटला', बाकीच्यांना 'उखडला' किंवा 'तळपायाची आग मस्तकात गेली'.

राईचा पर्वत करणे यासाठी 'ब्लोन अप आउट ऑफ प्रपोर्शन' म्हणतात, पण रोजच्या वापरात 'अप' गाळून 'ब्लोन आउट ऑफ प्रपोर्शन' जास्त दिसतं. औपचारिक पर्याय 'एक्झॅजरेट'. डाव अंगलट आला तर 'इट ब्ल्यू अप इन हिज फेस', किंवा एका शब्दात 'बॅकफायर्ड'. ब्रिटिश वर्तमानपत्रांत 'अ रो ब्ल्यू अप ओव्हर' असं दिसलं तर कशावरून तरी वाद पेटला. वादळ उठलं तरी तेच क्रियापद.

नव्या बोलीत 'हर व्हिडिओ ब्ल्यू अप' ही चांगली बातमी असते: रातोरात लोकांनी उचलून धरला. 'माय फोन इज ब्लोइंग अप' म्हणजे मेसेजचा पाऊस पडतोय. हँडसेट ठीक आहे. कामाच्या मेलमध्ये यातलं काही नको.

सारखी दिसणारी भावंडंही ओळखून ठेवा. वाढदिवसाला फुगे 'ब्लो अप' करतात आणि मेणबत्त्या 'ब्लो आउट'. वाद शमला तर 'ब्ल्यू ओव्हर'. अमेरिकेत कुणी तुम्हाला 'ब्लो ऑफ' केलं तर ठरलेल्या भेटीला त्याने टांग मारली.

नाम करायचं तर जोडरेघ देऊन किंवा सलग लिहायचं. क्रियापदात जोर 'अप'वर पडतो, नामात 'ब्लो'वर. फोटोची मोठी प्रत हा 'ब्लोअप', आणि ऑफिसातलं कडाक्याचं भांडणही 'ब्लोअप'.