जर्मन ऑफिसातले शब्द इंग्रजीत नेताय? या चुका टाळा

पुण्यात जर्मन शिकून ट्रान्सलेशनला लागलेली मंडळी कमी नाहीत, चाकणच्या पट्ट्यात जर्मन कंपन्याही आहेतच, त्यामुळे ऑर्ग चार्ट, जॉब डिस्क्रिप्शन, एचआरची पत्रं असलं काम सारखं येत असतं. व्याकरण चोख, स्पेलिंग चोख, तरी वाचणारा इंग्रज डोकं खाजवत बसतो. कारण आपण शब्द बघतो, त्या शब्दामागे कोणाला कसला अधिकार आहे ते बघत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे 'पेर्झोनालफेरआंटव्होर्टुंग'. लोक 'पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटी' लिहून मोकळे होतात आणि मग वाटतं उमेदवार फार जबाबदार स्वभावाचा आहे. अहो, पेर्झोनाल म्हणजे स्टाफ! म्हणणं एवढंच की त्याच्या हाताखाली माणसं आहेत. आकडा दिला असेल तर 'मॅनेजेस अ टीम ऑफ एट', नसेल तर 'लाइन मॅनेजमेंट रिस्पॉन्सिबिलिटी', झालं काम.

त्याचाच भाऊ म्हणजे 'डिस्त्सिप्लिनारिशर फोरगेझेट्स्टर'. याचं 'डिसिप्लिनरी सुपीरियर' केलं की डोळ्यासमोर छडी घेतलेला हेडमास्तर येतो. खरं तर रजा मंजूर करणारा, पगारवाढीचं बघणारा, वेळ पडली तर वॉर्निंग लेटर देणारा जो साहेब, तो इंग्रजीत साधा 'लाइन मॅनेजर'. आणि 'फाखलिशर' वाला म्हणजे रोजचं काम सांगणारा, तो 'फंक्शनल मॅनेजर'. मॅट्रिक्स ऑर्गनायझेशनमध्ये ही दोन वेगळी माणसं असू शकतात, दोघांना नुसतं 'बॉस' केलंत तर रजेचा अर्ज कोणाकडे जायचा हेच कळणार नाही.

'कंट्रोलिंग' डिपार्टमेंटला 'कंट्रोल' किंवा 'ऑडिट' करू नका, तिथे बजेट, खर्च, फोरकास्ट बघतात, म्हणून 'मॅनेजमेंट अकाउंटिंग' किंवा 'फायनान्शियल प्लॅनिंग अँड अ‍ॅनालिसिस'. 'मॉबिंग' म्हणजे 'वर्कप्लेस बुलिंग', जमावाने मारहाण नव्हे. आणि ईमेलमध्ये 'माइन शेफ' आला तर तो 'माझा साहेब', स्वयंपाकी नाही, एवढं तरी सगळ्यांना माहीत असावं ही अपेक्षा.

आता जिथे खरंच नुकसान होतं ते. 'क्युंडिगुंग' हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो, नोकरी सोडणाऱ्यालाही आणि काढणाऱ्यालाही. कर्मचाऱ्याने पाठवली असेल तर 'रेझिग्नेशन', कंपनीने पाठवली असेल तर 'डिसमिसल' किंवा 'नोटिस ऑफ टर्मिनेशन'. उलटं झालं तर स्वतःहून सोडून गेलेला माणूस कागदावर हाकललेला ठरतो. सही कोणाची आहे ते बघितल्याशिवाय हात लावू नका. वाक्यात बाजूच कळत नसेल, म्हणजे नुसतं 'क्युंडिगुंग्सफ्रिस्ट' वगैरे, तर 'नोटिस पिरियड' दोघांनाही लागू पडतो.

'बेट्रीब्सराट' म्हणजे 'ट्रेड युनियन' नाही हो. युनियन म्हणजे 'गेव्हेर्कशाफ्ट', उदाहरणार्थ आयजी मेटाल. बेट्रीब्सराट हे त्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांनी निवडलेलं मंडळ, युनियनचं मेंबर असो वा नसो. १९७२ च्या कायद्याप्रमाणे किमान ५ कायम कर्मचारी असले की ते निवडता येतं, आणि जिथे ते आहे तिथे कोणाला काढण्याआधी त्याचं म्हणणं विचारावंच लागतं, नाही विचारलं तर काढणंच रद्दबातल. म्हणून 'वर्क्स काउन्सिल' लिहा आणि अमेरिकेतला एचआर वाचणार असेल तर सोबत अर्ध्या ओळीचा खुलासा द्या, नाहीतर तो 'काउन्सिल' म्हणजे सल्लागार समिती समजून पुढे जाईल.

बोर्डाचंही तसंच. 'फोरश्टांड' कंपनी चालवतं, 'आउफझिष्ट्सराट' त्याच्यावर नजर ठेवतं, एकच माणूस एकाच वेळी दोन्हीकडे बसू शकत नाही. २००० च्या वर कर्मचारी असलेल्या कंपनीत १९७६ च्या कायद्याने दुसऱ्यातल्या निम्म्या खुर्च्या कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना असतात. दोन्हीला 'बोर्ड ऑफ डायरेक्टर्स' म्हणणं हा शुद्ध आळस. 'सुपरवायझरी बोर्ड' ठरलेलं आहे, पहिल्यासाठी 'मॅनेजमेंट बोर्ड' की 'एक्झिक्युटिव्ह बोर्ड' हे त्या कंपनीच्या इंग्रजी अ‍ॅन्युअल रिपोर्टमध्ये बघा आणि तेच वापरा.

माझ्या मते सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे 'आर्बाइट्सत्सॉइग्निस', नोकरी सोडताना मिळणारं पत्र. आपल्याकडच्या एक्सपिरियन्स लेटरसारखं वाटतं, पण यात परफॉर्मन्सचा शेरा असतो, आणि तो खरा पण सहानुभूतीने लिहिलेला हवा अशी तिथल्या कोर्टांची अट, त्यामुळे हळूहळू त्याची एक सांकेतिक भाषाच झाली. 'नेहमी आमच्या पूर्णातिपूर्ण समाधानाने काम केलं' म्हणजे पहिला नंबर. 'नेहमी' आणि 'पूर्ण' दोन्ही गळून नुसतं 'आमच्या समाधानाने' उरलं की काठावर पास. आणि 'त्यांनी प्रयत्न केला' असं आलं तर समजा नापासच, आपल्याला मात्र ते कौतुक वाटतं. इंग्रजीत शब्दशः नेलं की तिन्ही वाक्यं एकसारखीच गोड दिसतात. सर्टिफाइड ट्रान्सलेशन असेल तर मूळ शब्द अजिबात सजवू नका, 'स्टेट्स' म्हणजे 'ऑलवेज' हे छोटं वाटलं तरी गाळू नका, आणि क्लायंटशी बोलून ट्रान्सलेटरची टीप जोडा की जर्मनीत ही ओळ कुठल्या ग्रेडची समजतात. नाव द्यायचं तर 'एम्प्लॉयमेंट रेफरन्स', नुसतं 'सर्टिफिकेट' नको.

जाता जाता डेडलाइनचं. 'बिस फ्रायटाग' रिपोर्ट हवा असेल तर 'बाय फ्रायडे', 'अन्टिल फ्रायडे' लिहिलंत तर समोरचा शुक्रवारपर्यंत करतच बसेल. आणि 'केडब्ल्यू २३' (म्हणजे वर्षाचा तेविसावा आठवडा) हे कॅलेंडरच्या आठवड्याचं लिखाण भारतात किंवा अमेरिकेत तसंच पाठवू नका, कोणालाही बोध होत नाही. २०२५ मध्ये तो आठवडा २ जूनला सुरू झाला, दुसऱ्या वर्षी तारीख बदलते, तेव्हा त्या वर्षाचं कॅलेंडर उघडून 'वीक ऑफ' लिहून सोमवारची तारीख टाका.