कॅक्टसची पुस्तकं पोस्टाने विकायची आहेत? सांगलीतून मी कशी विकते ते सांगते

कॅक्टस आणि सकुलंटची (म्हणजे पानाखोडात पाणी साठवणाऱ्या गुबगुबीत झाडांची) पुस्तकं पोस्टाने विकते म्हटलं की फोनवरचा माणूस पहिलं हेच विचारतो, ताई रोपं पण पाठवता का. नाही पाठवत. आणि तुम्ही हे काम सुरू करणार असाल तर हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका. रोपं आणि बिया हा पूर्ण वेगळा धंदा आहे. कॅक्टसची जवळजवळ सगळी जात साइट्स करारात (दुर्मिळ झाडाप्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) येते, बाहेरून रोपं आणायची तर परवाने लागतात, बियांना सुद्धा फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा दाखला) लागतं. बाहेरच्या विक्रेत्याने प्रेमाने पुस्तकांच्या खोक्यात बियांची एक पुडी टाकली तर अख्खं खोकं कस्टममध्ये अडकून बसू शकतं, म्हणून ऑर्डर देतानाच लिहायचं की फक्त पुस्तकं पाठवा, भेट म्हणून सोबत काही नको.

कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नका. शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन नोंद करून घ्या (मोजकीच माणसं असली की नुसती सूचना द्यावी लागते), यूपीआय घ्या, छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. विकण्यासाठी परदेशातून पुस्तकं मागवणार असाल तर आयईसी कोड (आयात-निर्यातीचा नंबर) काढावा लागतो, आणि २०१९ च्या बजेटपासून बाहेरून येणाऱ्या पुस्तकांवर ५ टक्के कस्टम ड्युटी आहे ती हिशोबात धरा. पण खरा खर्च ड्युटीचा नसतोच, वजनाचा असतो. ही सगळी पुस्तकं गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली, वीट असावी तशी जड. समजा पुस्तक बाराशेला मिळालं आणि इथपर्यंत यायला नऊशे लागले तर तुमचं पुस्तक एकवीसशेचं झालं, बाराशेवर वीस टक्के लावून किंमत काढलीत तर प्रत्येक पुस्तकाला खिशातले घालाल. एकेक मागवू नका, चारपाच गिऱ्हाइकांची मागणी जमली की एकदम मागवा.

आता मुख्य गोष्ट. दुकानात माणूस पुस्तक हातात घेतो, चाळतो, आपल्या गच्चीवरचं झाड त्यात आहे का बघतो आणि मग पैसे काढतो. पोस्टाने घेणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही, त्याच्या वतीने ते सगळं तुम्ही करायचं असतं. मी तर ऑर्डर घेण्याआधी विचारते, तुमच्याकडे झाडं कुठली आहेत, दोनतीन फोटो पाठवा. काहींना वाटतं कशाला एवढ्या चौकशा, पण याच्याशिवाय हे काम नीट होत नाही.

कारण आपल्याकडे निवडुंग हा शब्दच घोटाळ्याचा आहे. बांधावरचा फड्या निवडुंग पण निवडुंग आणि कुंपणाचा त्रिधारी पण निवडुंग. फड्या म्हणजे ओपन्शिया, तो खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेतला, आपल्याकडे आणलेला. त्रिधारी हा युफोर्बिया, त्याचा कॅक्टसशी काही संबंध नाही, पांढऱ्या चिकाच्या कुळातला तो. मागे फलटणच्या एका काकांनी फोनवर निवडुंगाचं चांगलं पुस्तक द्या म्हणून सांगितलं आणि मी कॅक्टसचं जाडजूड पुस्तक काढून पॅकिंगला पण बसले होते, मग त्यांचे फोटो आले तर गच्चीवर सगळे युफोर्बिया आणि दोन अ‍ॅडेनियम. हे दोन्ही कॅक्टस नाहीत, त्यामुळे ते पुस्तक त्यांना शून्य कामाचं होतं. ओळखायची साधी खूण सांगते, फोटो मोठा करून काट्याच्या बुडाशी बघायचं. कॅक्टस असेल तर काटे एका लोकरीसारख्या छोट्या गादीतून निघतात, तिला एरिओल म्हणतात. युफोर्बियाला ती गादी नसते, काटे बऱ्याचदा जोडीने येतात आणि ओरखडा पडला की चीक येतो. गिऱ्हाइकाला चीक काढून बघा असं मात्र कधी सांगू नका, डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.

स्टॉक कुठला ठेवायचा हे पण यावरूनच ठरतं. माझ्याकडे सगळ्यात जास्त विचारणा अ‍ॅडेनियमची, मग हॉवर्थिया, मग लिथॉप्स (दगडासारखी दिसणारी छोटी रोपं), ही सगळी सकुलंटच, आणि कॅक्टसचे जुने संग्राहक कमी पण पक्के. त्यांच्यासाठी एक मोठं संदर्भाचं पुस्तक कायम हाताशी हवं. अँडरसनचं द कॅक्टस फॅमिली, २००१ चं, पावणेआठशे पानांच्या आसपास, अजून मागणी आहे. डेव्हिड हंटच्या टीमचा न्यू कॅक्टस लेक्सिकन २००६ चा, दोन खंड, एकात मजकूर आणि एकात फोटो. हे दोन्ही खंड सुटे विकायचा मोह आवरा, एक गेला की दुसऱ्याला कुणी विचारत नाही. जुन्यात ब्रिटन आणि रोझ यांचं द कॅक्टेसी, चार खंड, १९१९ ते १९२३, त्यातली बरीच रंगीत चित्रं मेरी ईटन या बाईंनी काढलेली आहेत, काय हात आहे बघा त्यांचा. मूळ प्रत आपल्या हाताला लागणं अवघडच, पण १९६३ चं डोव्हरचं पुनर्मुद्रण अधूनमधून मिळतं, चार खंड दोन जिल्दांत बांधलेले. ते विकताना पुनर्मुद्रण हा शब्द पहिल्या ओळीत लिहायचा, शेवटच्या नाही.

मराठीत या विषयावर फार कमी आहे, त्यामुळे इंग्रजी पुस्तक घेणाऱ्या आपल्या माणसाला थोडी मदत लागते. मी प्रत्येक पुस्तकात एक मराठी चिठ्ठी घालते. बाहेरच्या पुस्तकातला उन्हाळा म्हणजे त्यांचा उन्हाळा, इंग्लंडचा, मे ते सप्टेंबर, तेव्हा भरपूर पाणी द्या असं लिहिलेलं असतं आणि आपला माणूस तेच वाचून जुलैच्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवतो आणि झाड बुडातून सडतं. लिथॉप्सचं तर वेगळंच, नवी पानं जुन्या पानातलं पाणी शोषून मोठी होत असतात, तेव्हा वरून पाणी दिलं की जुनी पानं वाळतच नाहीत आणि झाड बिघडतं. या चारपाच ओळी चिठ्ठीवर असल्या की पुस्तक कामाला येतं, नाहीतर नुसतं कपाटात राहतं.

दुसरी अडचण नावांची आणि हिच्यावर मी मुद्दाम वेळ घालवते. आपल्याच सज्जनगडाच्या कड्यावरची शिंदळ माकुडी हे सकुलंट घ्या. पावसात पानं येतात, गडद लाल चांदणीसारखं फूल, सह्याद्रीशिवाय जगात कुठे नाही. डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिचं नाव फ्रेरिया इंडिका ठेवलं ते बार्टल फ्रेअरवरून. हा फ्रेअर मुंबईचा गव्हर्नर व्हायच्या आधी साताऱ्यातच रेसिडेंट आणि मग कमिशनर होता. पुढे शास्त्रज्ञांनी ती बाउसेरोसिया या गटात घातली, नंतर सेरोपेजियामध्ये. म्हणजे साताऱ्याचा माणूस नवीन पुस्तकाच्या सूचीत फ्रेरिया शोधत बसला तर कदाचित सापडणारच नाही आणि तो म्हणणार पुस्तकात आपलं झाडच नाही. तसंच सान्सेवेरिया आता ड्रासेना झालं, नोटोकॅक्टस पॅरोडियात गेले, हॉवर्थियातले काही हॉवर्थिऑप्सिस झाले. म्हणून यादीत प्रत्येक पुस्तकापुढे छापल्याचं वर्ष आणि त्यात जुनी नावं आहेत की नवी हे लिहायचं. झाडांच्या लेबलांवर जुनीच नावं असलेल्या संग्राहकाला जुनंच पुस्तक बरं पडतं, नवीनच चांगलं असं काही नसतं.

सेकंडहँड पुस्तकं घेताना मात्र डोळ्यात तेल घालून बघा. इथे मला एकदा चांगलाच धडा मिळाला. लिथॉप्सवरचं डेस्मंड कोल यांचं १९८८ चं पुस्तक मला एका रद्दीच्या गठ्ठ्यात मिळालं, जॅकेट चांगलं, शिवण घट्ट, मी खूश होऊन फोटो काढले आणि नाशिकच्या एका संग्राहकांना पाठवून दिलं. चार दिवसांनी त्यांचा मेसेज आला की मधलं एक पान ब्लेडने कापून काढलंय. कोल यांनी लिथॉप्सच्या एकेका ठिकाणाला नंबर दिलेले आहेत, जगभरचे लोक झाडाच्या लेबलवर सी आणि पुढे तो आकडा लिहितात, आणि नेमकं त्या नंबरांच्या यादीतलंच पान गेलेलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले ताई मी याच पानासाठी घेतलं होतं. मला फार वाईट वाटलं. पैसे आणि दोन्ही वेळचं पोस्टेज परत केलं आणि त्या दिवसापासून मी पानं मोजल्याशिवाय पुस्तक यादीत टाकत नाही.

कसं मोजायचं ते बघा. पुस्तक टेबलावर उताणं ठेवायचं, अंगठ्याने कडेकडेने एकेक पान सोडत जायचं आणि नंबर मनात म्हणत जायचं. प्लेट्सना (चित्रांची वेगळी छापलेली पानं) बऱ्याचदा पान नंबर नसतो, त्यांची यादी पुढे छापलेली असते, तिच्यावर पेन्सिलीने हलकी टिक करायची आणि नंतर खोडायची. मग शिवणीत बोट फिरवायचं, कापलेल्या पानाचा अर्धा सेंटीमीटरचा काठ तिथे हाताला लागतो, डोळ्याला दिसत नाही. मग वास घ्यायचा. कुबट वास आला तर बुरशी आहे आणि ते पुस्तक बाकीच्यांजवळ ठेवायचंच नाही. वर्णनात हे सगळं लिहायचं, जॅकेट फाटलंय, पहिल्या पानावर कुणाचा शिक्का आहे, ४० व्या पानावर पाण्याचा डाग आहे. दोष लिहिले की गिऱ्हाईक जाईल ही भीती सुरुवातीला वाटते, पण माझ्याकडे परत परत येणारे जे आहेत ते यासाठीच येतात.

पॅकिंग. आधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी टेप मारून बंद, मग चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे घडी केलेले कोपरे, कारण जड पुस्तक पडलं की कोपऱ्यावरच पडतं आणि पुठ्ठा चेचतो. मग दोन बाजूंनी पुस्तकापेक्षा बोटभर मोठा खोक्याचा पुठ्ठा, आणि मग बाहेरचं खोकं. खोकं हलवून बघायचं, आत पुस्तक हललं तर पॅकिंग झालं नाही, कागद भरा. पत्ता आतल्या पिशवीवर पण लिहा, बाहेरचं लेबल पावसात निघालं तरी पार्सल पोचतं.

पोस्टाचं म्हणाल तर जुनं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच फटका बसला होता, पण १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स, ट्रॅकिंग मिळतं. जमिनीवरून जातं त्यामुळे वेळ लागतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं पाहिजे, आणि ठराविक काळाने निघणारी मासिकं त्यात चालत नाहीत. कॅक्टस सोसायट्यांचे जुने अंक विकणार असाल तर ते साध्या पार्सलनेच जाणार, त्याचं पोस्टेज वेगळं धरा. काउंटरवर जायच्या आधी घरीच वजन करा, मी स्वयंपाकघरातला काटा वापरते, कारण पुठ्ठ्यासकट वजन पाच किलोच्या वर दहा ग्रॅम गेलं तरी सगळं खोलून परत बांधावं लागतं.

आणि आता सांगलीकरांसाठी खास. पुस्तकं तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे, तुम्हाला काही वेगळं सांगायला नको. माझे तीन खोके खाली राहिले होते. तेव्हा कळलं की साधा कागद भिजला तर पंख्याखाली वाळतो, वाकडा होतो पण वाचता येतो. आर्ट पेपरचं तसं नाही, त्याच्यावरचा लेप ओला होऊन पानं एकमेकांना चिकटतात आणि एकदा तशीच वाळली की ती वीटच, ओढली तर चित्रासकट फाटतात. ओली असतानाच पानापानात बटर पेपर घालायचा, आणि तेवढा वेळ नसेल तर पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सरळ डीप फ्रीजरमध्ये ठेवायचं. गोठलं की चिकटायचं आणि बुरशीचं काम थांबतं, मग सवडीने एकेक काढून करता येतं. उन्हात कधीच ठेवायचं नाही.

पूर नसला तरी जून ते सप्टेंबर दमट हवा आहेच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पुस्तकं दाटीने भरू नका, कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुड्या ठेवा. डांबरगोळ्या टाळा, वास कागदात बसतो आणि गिऱ्हाईक पार्सल उघडलं की पहिलं तेच बोलतं. पावसाळ्यात पॅकिंग सकाळी न करता दुपारी करा, त्यातल्या त्यात हवा कोरडी असते, नाहीतर पिशवीत दमटपणा पण पुस्तकासोबत बंद होतो. आणि पुलाजवळ पाणी ४० फुटांना आलं, म्हणजे इशारा पातळीला, की खालच्या दोन फळ्या रिकाम्या करून माळ्यावर चढवायच्या, आर्ट पेपरची आधी आणि बाकीची नंतर.