जुना वाडा दुरुस्त करताय? आधी आजी आत कशी जाणार ते ठरवा

जुन्या नाशकात, पंचवटीत, रविवार कारंजाच्या आसपास वाडे दुरुस्त करायला निघालेले लोक सगळ्यात आधी टाइल्स आणि पीओपी बघायला जातात आणि मग घरातलं माणूस व्हीलचेअरवर आलं की कळतं की ओट्याच्या तीन पायऱ्याच चढता येत नाहीत. म्हणून सुरुवात रस्त्यापासून करा. रस्ता, ओटा, उंबरा, खोली, संडास, एवढा एक सलग मार्ग कागदावर काढा आणि प्रत्येक ठिकाणची उंची आणि रुंदी टेपने मोजून त्यावर लिहा.

पण त्याच्याही आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, हे टाळू नका प्लीज. महापालिका कायद्यात ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला स्थिरतेचं प्रमाणपत्र लागतं. कडीपाटाचं घर असेल, म्हणजे लाकडी तुळया आणि फळ्यांचं छत, तर तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक नक्की तपासून घ्या, ओल तिथेच धरते, स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला म्हणजे लाकूड गेलं समजायचं. आणि वरच्या मजल्यावर कडीपाटावर कोबा टाकून नवीन संडास करायचा मोह आवरा, ते वजन आणि गळती त्या लाकडाला झेपत नाही. चुना-मातीच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचं जाड प्लॅस्टर पण नको, आतली ओल आतच कोंडते.

आता रॅम्प. उतार १:१२, म्हणजे १५० मिमीच्या तीन पायऱ्या, ४५० मिमी चढ, त्याला ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो. रुंदी १२०० मिमी, वर-खाली सपाट जागा १५०० मिमी. गल्लीतल्या वाड्याला पुढे एवढी जागा कुठे? आणि रस्त्यावर रॅम्प काढला तर ते अतिक्रमणच. मग मागचं दार किंवा चौकातून बाजूने येता येतं का बघा, नाहीच जमलं तर छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट, म्हणजे व्हीलचेअरसकट माणसाला वर उचलणारी. नुसता ५० मिमीचा उंबरा असेल तर ६०० मिमीची तिरपी पट्टी पुरते.

गोदाकाठची गोष्ट वेगळी. २०१९ ला पाणी सराफ बाजारापर्यंत आलं होतं, आणि दुतोंड्या मारुती (गोदापात्रातली मूर्ती, पूर किती चढला ते तिच्यावरून ओळखतात) बुडाला की काठावरच्या लोकांची धावपळ सुरू होते हे नाशिककरांना सांगायला नको. तिथे निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पूर कुठवर येतो ते दाखवणाऱ्या सरकारी रेषा (लाल ही मोठ्या पुराची), आधी नकाशावर बघा. पाडून नव्याने बांधायचं असेल तर जोतं पाण्याच्या वर न्यावं लागतं आणि जोतं वर गेलं की रॅम्प लांबतो, ही दोन्ही गणितं आर्किटेक्टला एकदमच मांडायला सांगा, नंतर नाही जमत. इलेक्ट्रिकचे बोर्ड पण वर घ्या.

संडासाला आतून किमान १५०० × १७५० मिमी, दार ९०० मिमी आणि बाहेर उघडणारं, कारण आत माणूस पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. ग्रॅब बार (आधाराला धरायचा दांडा) मात्र जुन्या मातीच्या भिंतीत नुसत्या फास्टनरवर ठोकू नका, उपटून येतो, भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी प्लेट बसवा.

परवानगीचं थोडक्यात. रंग, फरशी, प्लॅस्टर अशा किरकोळ कामाला सहसा लागत नाही, पण भिंत काढणं, जिना हलवणं, लिफ्ट घालणं असेल तर २०२० च्या युनिफाइड डीसीपीआरप्रमाणे (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) आर्किटेक्टमार्फत महापालिकेत प्रस्ताव द्यावा लागतो. मालमत्ता पत्रक आधीच काढून ठेवा, वाड्यात सह-मालक खूप असतात आणि सह्यांनाच महिने जातात. वाडा हेरिटेज यादीत आहे का तेही विचारा.

फरशी पक्की करायच्या आधी एक दिवस व्हीलचेअर भाड्याने आणा, कोणाला तरी बसवून दारापासून संडासापर्यंत न्या, जिथे अडकेल तिथे खडूने खूण करा आणि मिस्त्रीकडून आधी तेवढं करून घ्या.