अदृश्य जादूगार कसा खेळावा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून पात्रे रंगवत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत अदृश्य झालेला जादूगार दिसत नाही, पण त्याचा ठावठिकाणा लागू शकतो. हा भेद आधी पक्का करावा. नागपुरात आमच्या टेबलावर बहुतेक वाद इथेच होतात.

प्रथम कोणता स्पेल (जादूचा मंत्र) वापरायचा ते ठरवा. ‘इन्व्हिजिबिलिटी’ हा दुसऱ्या पातळीचा स्पेल स्पर्शाने लागतो, कॉन्सन्ट्रेशन (स्पेलवरची एकाग्रता) टिकले तर एक तास चालतो आणि अंगावरचे कपडे व सामानही झाकतो. त्याला डिंकात गुंडाळलेला पापणीचा एक केस लागतो; नागपूरच्या इतवारी बाजारात हिवाळ्यात लाडवांसाठी घेतला जाणारा बाभळीचा डिंक टेबलावर ठेवला, तर नव्या खेळाडूला हे चटकन उमगते. ‘ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी’ चौथ्या पातळीचा असून एकच मिनिट, म्हणजे 10 फेऱ्या, टिकतो.

यानंतर स्पेल कशाने तुटतो ते पाहा. 2014 च्या नियमांनुसार हल्ला केला किंवा दुसरा कोणताही स्पेल टाकला की साधी अदृश्यता संपते. 2024 च्या नियमांनी त्यात कोणत्याही मार्गाने इजा करण्याची भर घातली, आणि माझ्या मते ती योग्यच आहे. समजा, नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात तुमचा जादूगार पहारेकऱ्यांमधून निघाला आहे. त्याने दार उघडले, किल्ली उचलली, तरी तो अदृश्यच राहतो. पण अंधार पडला म्हणून ‘लाइट’ हा साधा कॅन्ट्रिप, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीचा स्पेल, टाकला, तर तो त्याच क्षणी सर्वांसमोर उभा दिसेल. ‘ग्रेटर’मध्ये ही अट नाही, म्हणून लढाईसाठी तोच राखून ठेवावा.

कॉन्सन्ट्रेशन एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येते. मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या काटकपणाचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकावा लागतो, आणि त्यासाठी 10 किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यांतील मोठा आकडा गाठावा लागतो. त्यामुळे स्पेल टाकणाऱ्याने स्वतः अदृश्य होऊन पुढे जाण्यापेक्षा आपल्या गटातल्या चोराला अदृश्य करावे आणि आपण मागे सुरक्षित थांबावे, हे अधिक शहाणपणाचे ठरते.

लपणे ही मात्र वेगळी कृती आहे. पावलांचा आवाज, धुळीतले ठसे किंवा मंत्राचा उच्चार यांवरून शत्रूला तुमची जागा कळू शकते. ती कळू द्यायची नसेल तर हाईड अ‍ॅक्शन घेऊन स्टेल्थचा (चोरपावलांचा) फासा टाकावा. जागा कळली तरी तुमच्यावरचे हल्ले डिसअ‍ॅडव्हान्टेजने आणि तुमचे हल्ले अ‍ॅडव्हान्टेजने होतात, म्हणजे दोन फासे टाकून अनुक्रमे लहान आणि मोठा आकडा धरला जातो.

जादूगाराला खरा लाभ ‘दिसणारे लक्ष्य’ या अटीतून मिळतो. ‘मॅजिक मिसाइल’ला लक्ष्य दिसावे लागते, दुसऱ्याचा स्पेल अडवणाऱ्या ‘काउंटरस्पेल’साठी 60 फुटांच्या आत स्पेल टाकणारा दिसावा लागतो, आणि संधी साधून केलेल्या हल्ल्यालाही तीच अट आहे. म्हणजे ‘ग्रेटर’मधील जादूगाराचा स्पेल सहसा अडवता येत नाही. ‘फायरबॉल’ मात्र जागेवर पडतो, त्याला तुम्ही दिसण्याची गरज नाही. म्हणून स्पेल टाकल्यावर त्याच ठिकाणी थांबू नये.

शत्रूपक्षात जादूगार असेल तर अदृश्य गोष्टी दाखवणारा ‘सी इन्व्हिजिबिलिटी’ आणि पहिल्याच पातळीचा ‘फेअरी फायर’ लक्षात ठेवावा. ‘फेअरी फायर’चा डेक्स्टेरिटी (चपळतेचा) सेव्ह चुकला, की तुमचा स्पेल चालू असूनही ‘फेअरी फायर’ संपेपर्यंत अदृश्यतेचा कोणताही फायदा मिळत नाही.